नाशिकमध्ये नव्याने आलेल्यांसाठी ‘फेरी’ : अर्थ, लेखन आणि रोजचा वापर

सातपूर कॉलनीतून इंदिरानगरला बिऱ्हाड हलवताना टेम्पोवाल्याशी माझा जो वाद झाला, तो वरवर पैशांचा दिसत असला तरी एका शब्दाच्या अर्थावरून झालेला होता. आदल्या दिवशी सामान पाहून जाताना तो ‘‘दोन फेऱ्यांत होऊन जाईल, फेरीचे आठशे’’ असे सांगून गेला आणि मी मनात सोळाशे रुपये धरले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचे कपाट उतरवून झाल्यावर त्याने बत्तीसशे मागितले. त्याच्या हिशेबाने सातपूरहून भरून येणे ही एक फेरी, रिकामे परतणे ही दुसरी, पुन्हा भरून येणे ही तिसरी आणि काम आटोपून त्याचे आपल्या घरी परतणे ही चौथी. ‘‘भाऊ, रिकामी गाडी काय पाण्यावर चालते का?’’ या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि दोन फेऱ्यांत काम होईल हे त्यानेच सांगितले होते, या माझ्या मुद्द्याला त्याच्याकडे नव्हते. अखेर चोवीसशेवर तडजोड झाली.

अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत नोकरीसाठी परप्रांतांतून आलेल्या लोकांना मी मराठी शिकवतो. या प्रसंगानंतर शिकवण्याचा क्रम मी थोडा बदलला आणि ‘फेरी’ हा शब्द पहिल्या आठवड्यातच घेऊ लागलो, कारण बसथांबा, भाडे, शाळा-महाविद्यालयाचा प्रवेश, निवडणूक आणि श्रावण या सगळ्या ठिकाणी नवख्या माणसाची या शब्दाशी गाठ पडते आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ किंचित सरकलेला असतो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी पहिली : शब्दाचा गाभा समजून घ्या

‘फेरी’ हा शब्द ‘फिरणे’ या क्रियापदाच्या कुळातला आहे. ‘मिळणे’ आणि ‘मेळ’ यांचे जे नाते आहे, तेच ‘फिरणे’ आणि ‘फेर’ यांचे आहे, आणि ‘फेर’च्या शेजारी ‘फेरा’ व ‘फेरी’ हे दोन शब्द उभे आहेत. नवरात्रात भोंडल्याला पाटावर हत्ती मांडून मुली त्याच्याभोवती हात धरून गोल फिरतात, त्याला ‘फेर धरणे’ म्हणतात. फेर धरलेली मुलगी जिथून निघाली तिथेच पुन्हा येते, आणि गाणे संपेपर्यंत हे चालू राहते. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले तर ‘फेरी’चे जवळजवळ सगळे उपयोग त्यातून उलगडतात.

नुसत्या फिरण्याला आधी काही ठरलेले असावे लागत नाही. रात्री जेवण झाल्यावर कॉलेज रोडला उगाच जाऊन येता येते आणि मध्येच विचार बदलून गोदाघाटावरही बसता येते. फेरीला मात्र काहीतरी ठरलेले लागते, मग ती निघण्याची जागा असो, वाट असो, वेळ असो किंवा निदान पाळी असो. म्हणून एखाद्या जाण्याला ‘फेरी’ म्हणावे की नाही, अशी शंका आली तर स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : यात परत येणे धरलेले आहे का, आणि हे पुन्हा होणार आहे का? दोहोंपैकी एकाचे उत्तर ‘हो’ असेल तर ‘फेरी’ बहुधा चालेल. नोकरीनिमित्त कायमचे नाशिकला येणे ही फेरी नव्हे, परंतु घर पाहण्यासाठी त्याआधी दोनदा येऊन गेलात, त्या तुमच्या नाशिकच्या दोन फेऱ्या.

कोकणात खाडी ओलांडताना दिसणारी ‘फेरीबोट’ मात्र या कुळातली नाही. ती इंग्रजीतून आली आहे, आणि केवळ उच्चार जुळल्यामुळे व ती बोटही दिवसभर जा-ये करीत असल्यामुळे आपलीच वाटते.

पायरी दुसरी : लिंग, वचन आणि लेखन पक्के करा

‘फेरी’ स्त्रीलिंगी आहे : ती फेरी, माझी फेरी, शेवटची फेरी. अनेकवचन ‘फेऱ्या’ असे होते. हिंदी भाषक विद्यार्थी सुरुवातीला ‘फेरियां’ असे लिहितात, ते टाळावे. विभक्तीचे प्रत्यय लागताना एकवचनात शब्द बदलत नाही, त्यामुळे फेरीत, फेरीला, फेरीने, फेरीचे असे लिहावे, आणि अनेकवचनात फेऱ्यांत, फेऱ्यांना, फेऱ्यांचे.

‘फेरा’ हा पुल्लिंगी भाऊ आहे आणि खरा घोटाळा त्याच्यामुळे होतो. त्याचे अनेकवचन ‘फेरे’, परंतु प्रत्यय लागताना त्याचे एकवचनातही ‘फेऱ्या’ असे रूप होते : फेऱ्यात, फेऱ्याला. आता ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. ‘मुलगा प्रवेशाच्या फेऱ्यांत अडकला’ याचा अर्थ प्रवेशप्रक्रियेच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या फेरीत त्याचे काम रखडले. ‘मुलगा प्रवेशाच्या फेऱ्यात अडकला’ म्हणजे तो अशा चक्रात सापडला की सुटकेची वाट दिसेना. दोन वाक्यांत फरक फक्त एका अनुस्वाराचा आहे, आणि बोलताना तर तोही ऐकू येत नाही. शंका नको असेल तर पहिल्या अर्थासाठी ‘फेऱ्यांमध्ये’ असे लिहावे.

‘फेरा’ शब्दाला सहसा नकोशा गोष्टींची सावली असते. जन्ममरणाचा फेरा, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा, दुष्काळाचा फेरा, साडेसातीचा फेरा असे आपण म्हणतो, आणि यांतल्या एकाच्याही जागी ‘फेरी’ बसत नाही. वटपौर्णिमेला वडाभोवती सूत गुंडाळताना घातलेले सात फेरे हा सोज्ज्वळ अपवाद आहे.

लेखनाबद्दल एक सूचना. ‘फेऱ्या’ या शब्दातील अर्धा र वर रफाराच्या रूपात जात नाही, तो य ला डावीकडून चिकटतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, एवढा अर्थभेद या एका खुणेमुळे होतो. मोबाइलवर टंकताना साधा ‘र’ न घेता खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यावा, त्यापुढे पाय मोडण्याचे चिन्ह आणि मग ‘य’ द्यावा. याच पद्धतीने ‘दौऱ्यावर’, ‘वाऱ्या’, ‘येरझाऱ्या’ हे या लेखात पुढे येणारे शब्दही बरोबर उमटतील, आणि य च्या जागी ‘ह’ दिला तर ‘बिऱ्हाड’ आणि ‘तऱ्हा’ हेही.

पायरी तिसरी : योग्य क्रियापद निवडा

नवख्या माणसाचे नाम बरोबर येते आणि क्रियापद चुकते, म्हणून ही पायरी घाईने ओलांडू नये. ‘फेरी मारणे’ हा घरगुती प्रयोग आहे. ‘संध्याकाळी बाजारात एक फेरी मारून येतो’ असे मित्राला, पत्नीला, शेजारच्या काकांना सांगावे, परंतु वरिष्ठांना लिहिलेल्या अर्जात हे क्रियापद शोभत नाही. तेथे ‘भेट दिली’ किंवा ‘दोन वेळा समक्ष आलो’ असे लिहिणे बरे. ‘फेरी काढणे’ हे अनेकांनी मिळून, रस्त्यावरून, लोकांना दिसावे म्हणून केलेल्या चालण्यासाठी आहे. शाळा १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला प्रभातफेरी काढते, उमेदवार प्रचारफेरी काढतो, पूरग्रस्तांसाठी तरुण मंडळे मदतफेरी काढतात. अशी फेरी ‘निघते’ आणि ठरलेल्या चौकात ‘विसर्जित होते’ किंवा तिची ‘सांगता होते’.

वाहनांच्या बाबतीत फेरी ‘सुटते’, ‘चुकते’, ‘रद्द होते’, आणि महामंडळ गर्दीच्या दिवसांत जादा फेऱ्या ‘सोडते’. काम न होता परत यावे लागले तर फेरी ‘वाया जाते’ किंवा ‘फुकट जाते’. हिंदीतील ‘चक्कर लगाना’च्या धर्तीवर केलेले ‘फेरी लावणे’ मात्र मराठीत नाही. माझा एक विद्यार्थी ‘मी बँकेत तीन फेऱ्या लावल्या’ असे म्हणे, आणि ऐकणाऱ्याला त्याने बँकेच्या भिंतीवर काही टांगले असावे असा भास होई.

पायरी चौथी : बसथांब्यावर वापरून पाहा

नाशिक शहरातील बससेवा ८ जुलै २०२१ पासून ‘सिटीलिंक’ या नावाने चालते आणि ती नाशिक महानगर परिवहन महामंडळाकडे आहे. त्याआधी शहरातल्या गाड्याही एसटीच चालवत असे, म्हणून जुने नाशिककर आजही तिला नुसते ‘सिटी बस’ म्हणतात. निमाणी, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), नाशिक रोड अशा कोणत्याही ठिकाणी उभे राहून दहा मिनिटे कान दिले तरी हा शब्द निरनिराळ्या वाक्यांत ऐकू येईल : ‘ही फेरी द्वारकेपर्यंतच आहे’ (द्वारका म्हणजे शहरातला चौक), ‘मधली फेरी आज आलीच नाही’, ‘शेवटची फेरी किती वाजता?’

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बसच्या भाषेत एका दिशेने जाणे ही पूर्ण एक फेरी असते. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला गेलेली गाडी ही एक फेरी आणि तीच गाडी उलट आली की दुसरी फेरी. रेल्वेच्या उन्हाळी विशेष गाड्यांच्या बातम्यांतही फेऱ्यांचा आकडा सहसा जाण्याच्या आणि येण्याच्या वेगवेगळ्या मोजून दिलेला असतो, त्यामुळे ‘बारा फेऱ्या’ वाचून बारा दिवस गाडी जाईल असे समजू नये. माझ्या टेम्पोवाल्याने चार फेऱ्यांचा जो हिशेब मांडला, तो या पद्धतीने बरोबरच होता.

‘जादा गाडी’ आणि ‘जादा फेरी’ यांतही फरक आहे. गाडी म्हणजे वाहन आणि फेरी म्हणजे त्याचे एक जाणे, म्हणून एकच जादा गाडी दिवसभरात सहा जादा फेऱ्या करू शकते. सप्तशृंगी गडावर नवरात्रात हे स्पष्ट दिसते. खासगी वाहने पायथ्याशी नांदुरीला थांबवतात आणि तेथून वर गडापर्यंत एसटीच्या गाड्या दिवसभर फेऱ्या करतात. वर जाताना ‘खाली येण्याची शेवटची फेरी किती वाजता आहे, दादा?’ हे कंडक्टरला विचारून ठेवावे. कंडक्टर महिला असेल तर ‘ताई’ म्हणावे.

खेड्याकडे जाणार असाल तर आणखी एक शब्द लागेल, तो म्हणजे ‘मुक्कामी गाडी’. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला आलेली एसटी गावातच रात्र काढते आणि सकाळची पहिली फेरी तिचीच असते. चालक आणि वाहकही गावातच झोपतात. ‘मुक्कामी गाडीने ये’ असे कोणी सांगितले तर ती पोहोचल्यावर रात्री परतीची सोय नाही, हे त्यातच आले.

पायरी पाचवी : भाडे ठरवताना शब्द मोजून वापरा

रिक्षा, टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टर यांच्या बाबतीत ‘फेरी’चा अर्थ माणसागणिक बदलतो. काहींच्या तोंडी ती जाऊन-येऊन मिळून एक असते, काहींच्या तोंडी केवळ जाण्याची. म्हणून भाडे बोलताना नुसता आकडा ऐकून मान डोलावू नये. ‘‘भाऊ, हे जाऊन-येऊन धरून आहे ना?’’ किंवा ‘‘रिकामी फेरी यात धरली आहे का?’’ एवढे एक वाक्य आधी बोलून घेतले की नंतर रस्त्यावर उभे राहून व्याकरण शिकवण्याची वेळ येत नाही. थांबावे लागणार असेल तर ‘वेटिंगसकट का?’ हेही विचारावे. हा शब्द आता मराठीच झाला आहे.

मालाच्या बाबतीत ‘फेरी’पेक्षा ‘खेप’ हा शब्द अधिक नेमका आहे. खेप म्हणजे एका वेळी वाहून नेलेला भार आणि तो नेण्याची एक पाळी, म्हणून रिकाम्या गाडीची खेप होऊ शकत नाही. पिंपळगाव बसवंतला टोमॅटो किंवा लासलगावला कांदा घेऊन जाणारा शेतकरी ‘आज दोन खेपा झाल्या’ म्हणतो, तेव्हा भरलेल्या दोन गाड्या बाजारात पोहोचल्या असा अर्थ होतो आणि परतताना गाडी रिकामी होती की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मी टेम्पोवाल्याला ‘दोन खेपांचे किती?’ असे विचारले असते तर आठशे रुपये वाचले असते, असे मला आजही वाटते. उन्हाळ्यात येवला, नांदगाव, सिन्नर या भागांत टँकर सुरू होतात तेव्हा बातम्यांत ‘टँकरच्या फेऱ्या’ आणि ‘टँकरच्या खेपा’ असे दोन्ही वाचायला मिळते. विहिरीवर हंडे घेऊन जाणारी बाई मात्र खेपाच मोजते : ‘सकाळपासून सहा खेपा झाल्या, रांजण काही भरेना.’

‘खेप’ काळासाठीही येते. ‘मागच्या खेपेस तुम्ही भेटला नाहीत’ म्हणजे मागच्या वेळी आलो होतो तेव्हा. या वाक्यात ओझ्याचा मागमूसही उरलेला नसतो.

पायरी सहावी : श्रावणातली फेरी ओळखा

वर्षाच्या इतर दिवसांत ‘फेरी’ म्हटल्यावर ‘कसली?’ असा प्रश्न येतो, परंतु श्रावणात नाशिक आणि त्र्यंबकेश्वर परिसरात कोणी ‘फेरीला येणार का?’ असे विचारले तर त्याला एकच अर्थ असतो. ब्रह्मगिरी हा गोदावरीच्या उगमाचा डोंगर. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्याला पायी वळसा घालतात, त्याला ‘ब्रह्मगिरीची फेरी’ म्हणतात. बहुतेक लोक रविवारी संध्याकाळी किंवा रात्रीच त्र्यंबकेश्वर गाठतात, कुशावर्त तीर्थावर स्नान करतात आणि डोंगर उजव्या हाताला ठेवून चालू लागतात. पेगलवाडी, पहिने असे करत डोंगराच्या मागच्या अंगाने वाट पुन्हा त्र्यंबकला येते. नेहमीची फेरी सुमारे २० किलोमीटरची आहे आणि मोठी फेरी त्याच्या जवळपास दुप्पट. पाऊस, चिखल, धुके, अंधारात पुढे चालणाऱ्यांच्या विजेऱ्यांची हलती रांग आणि अधूनमधून उठणारा ‘बम बम भोले’चा घोष, हे सगळे फेरीतच येते. अनेक जण अनवाणी चालतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तो हट्ट धरू नये आणि पकड चांगली असलेल्या चपला किंवा बूट घालावेत.

तारखेबद्दल उत्तरेकडून आलेल्यांनी विशेष सावध राहावे. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी सुरू होतो. २०२५ मध्ये आपला तिसरा श्रावणी सोमवार ११ ऑगस्टला होता आणि उत्तरेतला सावन त्याच्या दोन दिवस आधी, ९ ऑगस्टला रक्षाबंधनाबरोबर संपला होता. माझ्या वर्गातील एका गृहस्थांनी आपल्या गावच्या हिशेबाने तिसरा सोमवार धरून २८ जुलैची रजा घेतली आणि ते भल्या पहाटे त्र्यंबकला जाऊन पोहोचले. तो आपला पहिला सोमवार होता. दर्शन उत्तम झाले, परंतु फेरीला जाणाऱ्यांची ती रीघ कुठे दिसेना. परत येऊन त्यांनी वर्गात सांगितलेले वाक्य मात्र निर्दोष होते : ‘‘सर, माझी फेरी चुकली.’’

या फेरीसाठी क्रियापद ‘करणे’. ‘फेरीला गेलो’, ‘फेरी केली’, ‘फेरी पूर्ण झाली’ असे म्हणावे. ‘ब्रह्मगिरीला फेरी मारली’ हे व्याकरणात बसत असले तरी कानाला खटकते, कारण ‘मारणे’मुळे त्या चालण्याला बाजारात जाऊन येण्याची कळा येते. ‘ब्रह्मगिरी प्रदक्षिणा’ असेही म्हणतात आणि छापील पत्रकांत तो शब्द अधिक आढळतो. प्रदक्षिणा ‘घालतात’, आणि ती देवळातल्या गाभाऱ्याभोवतीही पाच मिनिटांत घालता येते. ‘परिक्रमा’ हा शब्द त्याहून भारदस्त आहे. नर्मदेची होते ती परिक्रमा, आणि तिला महिने लागतात. एकाच क्रियेचे हे तीन शब्द अंतराप्रमाणे वाटून घेतलेले नाहीत, तरी गप्पांमध्ये नाशिककराच्या तोंडून ‘फेरी’च येईल.

‘वारी’ मात्र वेगळी. तीत गोल वळसा नसतो, देवाच्या गावी नेमाने जाणे असते. त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात पंढरपूरला निघते ती वारी, आणि पौष वद्य एकादशीला वारकरी निवृत्तिनाथांच्या भेटीला त्र्यंबकला येतात तीही वारीच. नेम हा वारीचा प्राण असल्यामुळे वर्षातून एकदा सहज शिर्डीला जाऊन येणाऱ्याला शिर्डीचा वारकरी कोणी म्हणत नाही, परंतु दर गुरुवारी जाणाऱ्याची ‘शिर्डीची वारी’ शेजाऱ्यांनाही पाठ असते. थट्टेत ‘दवाखान्याच्या वाऱ्या’ म्हणतात, त्यातही नेमच अभिप्रेत असतो.

पायरी सातवी : पाय न हलवता होणाऱ्या फेऱ्या

पुढे हा शब्द चालण्यापासून सुटतो आणि ‘पाळी’ किंवा ‘टप्पा’ या अर्थाने येतो. भोंडल्याच्या फेरातली पुन्हा पुन्हा येण्याची कल्पना तेवढी राहते. अकरावीच्या केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशात गुणवत्ता यादी फेऱ्यांनी लागते. २०२५-२६ पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली, नाशिक शहराला ती त्याआधीपासून माहीत होती. ‘पहिल्या फेरीत नंबर लागला’ हे पालकांच्या तोंडचे वाक्य आहे. येथे शब्द न समजल्यास नुकसान होते, कारण पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि तेथे प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागते. ‘अजून फेऱ्या आहेत, बघू’ असे म्हणण्याआधी सूचना नीट वाचावी.

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी दूरचित्रवाणीवर ‘सातव्या फेरीअखेर आघाडी’ असे दिसते. विधानसभा मतदारसंघाच्या मोजणीसाठी सर्वसाधारणपणे १४ टेबले मांडतात आणि प्रत्येक टेबलावर एका मतदान केंद्राचे यंत्र मोजून झाले की एक फेरी पूर्ण होते. म्हणजे ३०० मतदान केंद्रे असतील तर २२ फेऱ्या होतील, हे गणित आपणही करू शकतो. वक्तृत्व स्पर्धेची प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी, मुलाखतीची दुसरी फेरी, हे सारे याच अर्थाचे.

‘फेरीवाला’ हा शब्दही असाच चालण्यापासून सुटला आहे. मूळचा फेरीवाला म्हणजे डोक्यावर टोपली किंवा हातात गाडा घेऊन गल्लोगल्ली ओरडत जाणारा विक्रेता, आणि त्याची वेळ व गल्ल्या इतक्या ठरलेल्या असत की घरातल्या बाया त्याच्या आरोळीवरून घड्याळ लावत. आज रविवार कारंज्याला वर्षानुवर्षे एकाच जागी बसणाऱ्यालाही फेरीवालाच म्हणतात. २०१४ च्या केंद्रीय कायद्यापासून कागदोपत्री ‘पथविक्रेता’ असा शब्द आला आहे, तरी फलकावर ‘ना फेरीवाला क्षेत्र’ असेच लिहिलेले दिसेल. अशा फलकाखाली चालत जाण्यास मनाई नाही, हे एका विद्यार्थ्याला मला समजावून सांगावे लागले होते.

शब्दाच्या आरंभी ‘फेर’ आला की तो ‘पुन्हा’ असा अर्थ देतो : फेरविचार, फेरतपासणी, फेरमतदान, फेरनिविदा. ‘फेरफार’ तेवढा जपून वाचावा. जमीन किंवा घर घेतल्यावर महसुली दप्तरात मालकी बदलल्याची जी नोंद होते तिला ‘फेरफार’ म्हणतात आणि ती व्हायलाच हवी. वर्तमानपत्रात ‘कागदपत्रांत फेरफार’ असे छापून आले तर मात्र कोणीतरी लबाडी केलेली असते.

पायरी आठवी : शेजारचे शब्द वेगळे ठेवा

मंत्री, अधिकारी, विक्री प्रतिनिधी यांचा असतो तो ‘दौरा’. तो आखतात, जाहीर करतात, पुढे ढकलतात, आणि माणूस ‘दौऱ्यावर’ असतो. शिपायाने साहेब दौऱ्यावर आहेत असे सांगितले तर ते आज भेटणार नाहीत, एवढेच समजावे. हिंदीतला ‘दिल का दौरा’ मराठीत आणू नये, मराठीत हृदयविकाराचा ‘झटका’ येतो. पोलीस रात्री घालतात ती ‘गस्त’. वाजतगाजत निघते ती ‘मिरवणूक’. चैत्रात कामदा एकादशीला रामाचा आणि गरुडाचा रथ निघतो, त्यातला गरुडरथ गोदावरी ओलांडून गावात येतो आणि रामरथ पंचवटीतच राहतो. वाट इतकी काटेकोर ठरलेली असूनही त्याला कोणी फेरी म्हणत नाही, कारण तेथे ‘रथ निघाला’ एवढेच पुरते.

‘चक्कर’ ही फेरीची सैल, मित्रमंडळीतली बहीण. ‘चक्कर मारून ये’ म्हणजे सहज जाऊन ये, आणि ‘चक्कर आली’ म्हणजे डोके गरगरले, ही दोन वाक्ये चुकूनही एकमेकांत मिसळू नयेत. दवाखान्याबाहेर किंवा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी माणूस दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत घालतो त्या ‘येरझाऱ्या’. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला नोकरीला जाऊन रात्री परतणारे स्वतःच्या प्रवासाला ‘अपडाऊन’ म्हणतात, आणि रोज फेरी करतो असे त्यांच्यापैकी कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

उरतात ‘हेलपाटा’ आणि ‘खेटा’. काम एका भेटीत व्हायला हवे होते, ते न झाल्याने पुन्हा जावे लागले, की फेरीचा हेलपाटा होतो. एका कार्यालयात एका दाखल्यासाठी मला पाच वेळा जावे लागले : एकदा अधिकारी बैठकीला, एकदा सर्व्हर बंद, एकदा छायाचित्राची प्रत कमी, एकदा जेवणाची सुट्टी, आणि पाचव्यांदा दाखला. घरी आल्यावर मी ‘पाच हेलपाटे पडले’ असे म्हटले, परंतु खिडकीवर उभा असताना ‘साहेब, ही माझी चौथी फेरी आहे’ असेच म्हटले होते. ‘हेलपाटे’ आणि ‘खेटे घालायला लावता’ या शब्दांत तक्रार असते, ‘फेरी’त फक्त मोजणी असते, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला हा फरक चांगला कळतो. निघण्याआधी दूरध्वनी करून ‘आज आलो तर काम होईल का, की फेरी वाया जाईल?’ असे विचारून घ्यावे, आणि सोबत छायाचित्राच्या दोन प्रती जास्तच ठेवाव्यात.